वस्तऱ्याचा पहिला दगड

अखंड पात्याचा वस्तरा लावायला शिकणाऱ्याला सुरुवातीला दोनच दगड पुरतात. एक धार घडवणारा आणि दुसरा ती मुलायम करणारा. अर्ध्या पात्याचे वस्तरे आल्यापासून सलूनमधला दगड मागे पडला. संसर्गाचा धोका पाहता एका ग्राहकाचे पाते दुसऱ्याला लागू नये, हेच योग्य आहे. पण स्वतःच्या दाढीसाठी अखंड वस्तरा वापरणारे, जुने सोलिंगेनचे वस्तरे दुरुस्त करणारे आणि ग्राहकाचा खाजगी वस्तरा लावून देणारे कारागीर यांना आजही दगड लागतोच. त्यातल्या नवशिक्यांचा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या टोकाला खर्च होतो. सर्वांत बारीक, सर्वांत महाग दगड आधी येतो आणि धार जिथे खरोखर तयार होते तो दगड कसाबसा घेतलेला असतो.

दगडावरचा आकडा कणांचा बारीकपणा सांगतो. जपानी मानकाप्रमाणे १०००च्या दगडातला कण सरासरी ११.५ मायक्रॉनचा, ६०००चा २ मायक्रॉनचा आणि ८०००चा १.२ मायक्रॉनचा असतो. मात्र सगळे कारखाने हेच माप पाळत नाहीत. नॉर्टनच्या ८००० दगडातले कण सुमारे ३ मायक्रॉनचे असतात, म्हणजे जपानी ६०००पेक्षाही जाड. दोन कंपन्यांच्या दगडांची तुलना करताना आकडा बाजूला ठेवून मायक्रॉन विचारावेत. कण किती मायक्रॉनचा हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर तो दगड वस्तऱ्यासाठी घेऊ नये.

सुरी लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्यात ते काम पाठ करते. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली असली, की कोन आपोआप ठरतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ ५ मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा एकूण कोन सुमारे १८ अंश येतो. पाठीला इलेक्ट्रिकची टेप लावली तर एका थराने हा कोन साधारण १ अंशाने वाढतो. त्यामुळे टेप लावायची तर पहिल्या दगडापासून शेवटच्यापर्यंत लावावी, नाहीतर अजिबात लावू नये. कोन आपोआप ठरतो म्हणूनच दगडाचा सपाटपणा इथे कळीचा आहे. मध्ये झिजून खोलगट झालेल्या दगडावर पाते सर्वत्र सारखे टेकत नाही आणि कोनाचा हिशेबच बिघडतो.

खरा खर्च १०००च्या दगडावर करावा. दोन्ही बाजूंचे उतार धारेच्या रेषेवर टोकापासून टाचेपर्यंत मिळतात ते इथेच. ते मिळाले नसतील, तर पुढचा कोणताही दगड धार देऊ शकत नाही, तो फक्त बोथट कडेला चकाकी देतो. तपासणी सोपी आहे. उतारावर मार्करची शाई लावून एक हलका हात मारावा. शाई थेट धारेपर्यंत पुसली गेली, तर पाते बरोबर टेकते आहे. पाठीकडची पुसली आणि धारेलगत बारीक काळी रेघ राहिली, तर उतार अजून धारेपर्यंत पोचलेला नाही. नंतर वस्तरा दिव्याखाली धार वर करून धरावा आणि सरळ वरून पाहावे. तयार धार प्रकाश परतवत नाही. जिथे पांढरा ठिपका चमकतो, तिथे ती बोथट आहे किंवा खांडली आहे. शेवटी मनगटावरचा केस कातडीलगत सहज कापला जातो का, हे पात्याच्या पूर्ण लांबीवर पाहावे. या तिन्ही गोष्टी होईपर्यंत १०००चा दगड सोडू नये.

या कामासाठी किंगचा १०००/६००० दुपदरी दगड स्वस्त आणि भरवशाचा आहे. वापरण्यापूर्वी १०००ची बाजू बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावी, ६०००च्या बाजूला वरून पाणी शिंपडले तरी चालते. याचा लहान नमुना ६३ मिलिमीटर रुंद आहे, पात्याची लांबी त्याहून जास्त असते. म्हणून हात तिरपा, टाचेकडून टोकाकडे सरकत मारावा लागतो. ही सवय पुढे रुंद दगडावरही उपयोगी पडते.

६०००वर दाढी होते, पण कातडी जळजळते. पुढची पायरी दोन रीतींनी गाठता येते. पहिली रीत १२०००च्या दगडाची. नानिवाचा या क्रमांकाचा दगड १० मिलिमीटर जाडीतही मिळतो. शेवटच्या हातांत दगड जवळजवळ झिजत नाही, त्यामुळे दुप्पट जाडीसाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही. दगड मऊ आहे, पाठ उचलली तर धार त्यात रुतते. तो पाण्यात भिजत ठेवू नये, उन्हात वाळवू नये.

दुसरी रीत लॅपिंग फिल्मची. ३एम कंपनीची ९, ५, ३ आणि १ मायक्रॉनची फिल्म जाड काचेवर ओल्या कागदाच्या थरावर पसरायची आणि जेमतेम वस्तऱ्याच्या वजनाइतक्या दाबाने हात मारायचा. काच सपाट असते, म्हणून दगड सपाट करण्याची कटकट नाही. सुरुवातीचा खर्च यात सर्वांत कमी. पण फिल्म झिजते, फाटते, पुन्हा घ्यावी लागते. वर्षात एखाद-दोन वस्तरे लावणाऱ्याने फिल्म घ्यावी. रोज काम करणाऱ्याला दगडच परवडतो.

१२००० म्हणून विकला जाणारा चीनमधील ग्वांगशीचा नैसर्गिक दगड स्वस्त असतो आणि वाईटही नसतो. मात्र नैसर्गिक दगडाला ठरावीक क्रमांक नसतो, तो आकडा विक्रीसाठी चिकटवलेला आहे. हा दगड कठीण आणि फार संथ आहे, ६०००नंतर शंभराहून अधिक हात सहज लागतात. बेल्जियममधील आर्देनचा कोटिक्यूल उत्तम, पण स्वस्त नाही. त्याचे वेडेवाकडे तुकडे कमी किमतीत मिळतात, ते वापरायला मात्र सरावलेला हात हवा.

हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा दुपदरी दगड वस्तऱ्याला लावू नये. तो कोयत्या-विळ्यांसाठी आहे, त्याचे ओरखडे काढता काढता पाते झिजून जाते. स्वस्त डायमंड प्लेटचेही तेच. दगड सपाट करायलासुद्धा ती लागत नाही. काचेवर २२० क्रमांकाचा वॉटर पेपर ठेवावा, दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात आणि सगळ्या पुसल्या जाईपर्यंत पाण्यासह घासावे. नवा दगडही आधी असा तपासून घ्यावा. चामड्याचा पट्टा मात्र टाळता येत नाही. दगडावर धार पुढे ठेवून आणि पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून हात मारायचा, प्रत्येक दाढीआधी पन्नासेक. पट्ट्याची सवय असेल, तर दगडाची पाळी फार क्वचित येते.

अनेक नाभिक कुटुंबांत आजोबांच्या धोकटीतला दगड अजून कुठेतरी पडून आहे. तेलाने काळा पडलेला, मध्ये खोलगट झालेला. तो साबणाने धुऊन सपाट करावा आणि १०००वर नीट घडवलेला एक वस्तरा त्यावर लावून पाहावा. ओरखडे ६०००च्या दगडापेक्षा बारीक उमटले, तर शेवटचा दगड घरातच आहे. भंगारात देण्यापूर्वी एवढी परीक्षा प्रत्येकाने घ्यावी.