मोतद्दाराचा हात

घोड्याला मालिश करणे हा श्रीमंतांचा चोचला आहे, असे म्हणणारे लोक दोन प्रकारचे आढळतात. पहिल्यांनी घोडा केवळ वरातीत पाहिलेला असतो आणि दुसऱ्यांनी केवळ शर्यतीत. ज्याने घोडा कामावर पाहिला आहे, दिवसभर चढ-उतार करून आलेल्या तट्टाच्या पाठीवरून खोगीर उतरताना पाहिले आहे, तो असे म्हणावयास धजणार नाही. परंतु महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या बैठकींत हे मत मोठ्या ठसक्याने मांडले जाते, आणि त्याला हास्याची साथही मिळते. म्हणून त्याचा समाचार घेणे अवश्य झाले आहे.

या मताच्या पुष्ट्यर्थ दोन मुद्दे पुढे केले जातात. एक, हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे. दोन, जेथे माणसाचे अंग चेपावयास कोणी नाही, तेथे जनावराचे कौतुक कशाला?

पहिला मुद्दा अज्ञानाचा आहे, म्हणून तो आधी निकालात काढू. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. घोड्याच्या पाठीच्या कण्यावर कोणतेही हत्यार चालवू नये, केसांच्या कलाने तेथे हातानेच चोळावे, असे त्याने त्यात सांगून ठेवले आहे. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान सांगितले आहे. दोर धरणारा, बांधणारा, वैरण आणणारा, खाणे शिजविणारा, ठाणे राखणारा, केसांची निगा करणारा आणि विषवैद्य अशी सेवकांची यादीही दिली आहे, आणि कामात कसूर केल्यास त्या दिवसाचे वेतन कापावे असेही बजावले आहे. आम्हा कारकुनांना या प्रकरणात एक गोष्ट विशेष दिसते. वेतन कापावयाचे तर ते आधी ठरलेले असावे लागते! म्हणजे घोड्याच्या अंगावर फिरणारा हात ही त्या काळी हिशेबात धरलेली नोकरी होती. मराठीतील 'खरारा' आणि 'मोतद्दार' हे शब्द तर आपल्या पागांतूनच आलेले आहेत. दौडीवरून आलेल्या घोड्याचे खोगीर उतरवून त्याचे अंग चोळीपर्यंत मोतद्दाराचा दिवस संपत नसे.

मग पाश्चात्त्यांनी नवे काय केले? जॅक मेघर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने खेळाडूंच्या मालिशाचे तंत्र घोड्यांना लावले. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या वेळी तो अमेरिकेच्या अश्वारोहण संघाच्या घोड्यांसाठी काम करीत होता. पुढे त्याने त्यावर पुस्तक लिहिले, आणि हळूहळू अभ्यासक्रम, प्रमाणपत्रे व शुल्क यांची परंपरा सुरू झाली. याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी हाताच्या कसबाला नाव दिले, आणि नाव दिल्यामुळे त्याला मोल आले. आपण मात्र नाव असलेले कसब बिननावाचे करून टाकले.

या कसबामागील कारण घोड्याच्या देहरचनेतच आहे. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेले नसतात, केवळ स्नायूंनी बांधलेले असतात. त्या स्नायूंच्या झोळीत त्याचे धड अक्षरशः टांगलेले असते. देहाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर पडतो. गुडघ्याखाली तर मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. तेथे कंडरा आणि अस्थिबंध यांचेच राज्य. अर्थात चालण्याचा, चढण्याचा आणि तोल सावरण्याचा सारा शीण खांदा, पाठ आणि पुठ्ठे यांत साचतो, आणि नेमक्या त्याच पाठीवर आपण ओझे लादतो. जनावर दुखणे बोलून दाखवीत नाही. किंबहुना दुखणे लपविणे हाच शिकार होणाऱ्या प्राण्याचा स्वभाव असतो. अशा वेळी कोठे ऊन लागते, कोठे गाठ लागते, कोणत्या स्पर्शाला कातडी थरथरते आणि कान मागे जातात, हे ओळखणारा हात रोज फिरला तर खोगिराची जखम फुटण्यापूर्वीच कळते. मालिशाचा पहिला लाभ हाच आहे. दुसरा लाभ घोडे स्वतःच जाणतात. दोन घोडे परस्परांच्या मानेच्या बुंध्याशी दातांनी खाजवीत उभे असलेले पुष्कळांनी पाहिले असतील. फ्रान्समधील कामार्गच्या घोड्यांवर झालेला एक अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्या नेमक्या जागी हाताने खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे दिसून आले.

याहून अधिक दावा करणाऱ्यांचाही पक्ष मला घ्यावयाचा नाही. मालिशाने शरीरातील विष बाहेर पडते, साचलेले आम्ल निघून जाते, असे सांगणारे पोटभरू लोक आहेत. श्रमाने वाढलेले दुग्धाम्ल विसाव्याने थोड्याच वेळात आपोआप ओसरते. त्यासाठी कोणाची दक्षिणा लागत नाही. ज्वर असता, पोटशूळ असता, किंवा श्रमाने स्नायू आखडून लघवी काळसर झाली असता घोड्याला चोळीत बसणे हा अपराध आहे. तेथे पशुवैद्यच पाहिजे. आणि खोगीर चुकीचे ठेवून संध्याकाळी पाठ चोळणे ही तर शुद्ध वंचना होय.

आता दुसरा मुद्दा : माणसाला मिळत नाही ते जनावराला कशाला? हा मुद्दा ऐकावयास दयाळू वाटतो, म्हणूनच तो अधिक घातक आहे. गौरीकुंडाहून केदारनाथला जाणारी वाट 2013 च्या प्रलयानंतर सुमारे सोळा किलोमीटरांची झाली आहे. दिल्लीला किंवा देहरादूनला बदली झालेला मराठी अधिकारी आईवडिलांना घेऊन त्या वाटेने एकदा तरी जातोच. वडील खेचरावर बसतात. खेचराचा लगाम धरून जो पायी चालतो, तो बहुधा मालक नसतो. हंगामापुरता आलेला मजूर असतो. जनावर सोळा किलोमीटर चढते तेव्हा तोही तेवढेच चढतो. धंद्याचा हिशेब खेपांवर असतो, विसाव्यावर नसतो. रात्री त्या खेचराची पाठ चोळावयाची ती त्याच दमलेल्या हातांनी, आणि तीही स्वतःच्या झोपेतून वेळ काढून. तेव्हा माणसाचा विसावा आणि जनावराची मालिश या परस्परविरोधी गोष्टी नव्हेतच. जो मालक तिसरी खेप मारावयास लावतो, तो एकाच आज्ञेने दोघांचाही घास घेतो. माणसाचे नाव पुढे करून जनावराला नाकारणारे लोक त्या माणसालाही काही देत नाहीत, हा अनुभव आहे.

कायदा काय म्हणतो? ओझ्याच्या जनावरांबाबत 1965 चे केंद्रीय नियम आहेत. तट्टावर सत्तर किलो आणि खेचरावर दोनशे किलो, याहून अधिक ओझे लादू नये. दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विसाव्यावाचून सलग पाच तासांहून अधिक राबवू नये. तपमान सदतीस अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये. नियम चांगले आहेत. परंतु त्यांत ओझे मोजले आहे, तास मोजले आहेत, ऊन मोजले आहे. खोगीर उतरल्यानंतरचा हात मात्र कोठेही मोजलेला नाही. कचेरीत आयुष्य काढणाऱ्यांना मी वेगळे काय सांगावे? ज्या कामाला रकाना नाही, त्या कामाला पैसा नाही. आणि ज्याला पैसा नाही, ते काम आज ना उद्या बंद पडते.

ते बंद पडतच आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सव्वासहा लाख होती. 2019 च्या गणनेत ती तीन लाख बेचाळीस हजारांवर आली. आपल्या भीमथडीच्या तट्टाला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली, हे योग्यच झाले. घोड्याची नोंद झाली. घोडा राखणाऱ्याच्या कसबाची नोंद कोण करणार?

माझी मागणी लहान आहे. यात्रामार्गांवर जनावरांची नोंदणी होते, तेथे प्रत्येक जनावरामागे त्याच्या साईसाचे नाव आणि वेतनही नोंदावे. खोगीर उतरल्यानंतर अंग चोळण्याचा आणि तपासण्याचा अर्धा तास त्याच्या कामाच्या वेळेत धरावा आणि त्याचे मोल भाड्यात मिळवावे. पशुसंवर्धन खात्याने हंगामापूर्वी आठ दिवसांचे शिक्षण त्याच्याच भाषेत द्यावे. आणि ते देताना जुन्या साईसांनाच शिक्षक म्हणून बसवावे, कारण पशुवैद्याला स्नायूंची नावे ठाऊक असतात, त्यांना ते स्नायू हाताने ठाऊक असतात.

हे होईल तेव्हा होवो. तोपर्यंत वाचकांच्या हातात एक गोष्ट आहेच. यात्रेला निघाल्यावर खेचराचे भाडे पाडून घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : याची आज कितवी खेप आहे? आणि संध्याकाळी याची पाठ कोण चोळतो? उत्तर न मिळाल्यास दुसरे जनावर पाहावे, आणि उत्तर मिळाल्यास घासाघीस करू नये. सत्तर किलोंच्या वरच्या प्रकृतीच्या अधिकाऱ्यांनी तट्टावर पाय टाकण्यापूर्वी 1965 चे नियमही आठवावेत. इतर वेळी नियमांवर बोट ठेवण्याची सवय आपणां सर्वांना आहेच.