ड्युरॅल्युमिन आणि ‘अपघाता’ची दंतकथा

१/ झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे ज्या ड्युरॅल्युमिनने पेलले, तो मिश्रधातू ‘अपघाताने सापडला’ असे आजही सर्रास सांगितले जाते. ही कथा रंजक आहे. इतिहास म्हणून मात्र अन्यायकारक आहे. #थ्रेड

२/ कथा अशी. १९०६ च्या सुमारास बर्लिनजवळ जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म ॲल्युमिनियम कठीण करू पाहत होते. त्यात सुमारे ४ टक्के तांबे व थोडे मॅग्नेशियम मिसळून, ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्यांनी ते पाण्यात बुडवले. पोलाद अशाने तत्काळ कठीण होते. हा नमुना मऊच राहिला. मध्ये रविवार गेला. सोमवारी तोच नमुना कितीतरी कठीण!

३/ यात दैवाचा वाटा केवढा? एका सुट्टीएवढा. सोमवारचा आकडा उपकरणाचा दोष मानून सोडून देणे सोपे होते. विल्म यांनी मापने पुन्हा पुन्हा घेतली आणि काठिण्य काही दिवस वाढत राहते, हे सिद्ध केले.

४/ ‘अपघात’वाद्यांना खरे उत्तर राइट बंधूंचे इंजिन देते. १९०३ च्या त्या विमानाचा क्रँककेस सुमारे ८ टक्के तांबे असलेल्या ॲल्युमिनियमचा ओतीव होता. त्यातही हीच काठिण्यक्रिया घडली होती, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे योगायोग आधीच घडून गेला होता. शोध लागला नव्हता.

५/ कारण १९१९ मध्ये अमेरिकेत पॉल मेरिका व सहकाऱ्यांनी मांडले. गरम पाण्यात साखर अधिक विरघळते, तसे तप्त ॲल्युमिनियममध्ये तांबे. एकदम थंड केल्यास ते आत अडकते व मग सावकाश सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळे होऊ लागते. हे कण स्फटिकातील थरांचे घसरणे रोखतात. त्यांचे आरंभीचे, अणूंच्या थराएवढे पातळ रूप १९३८ मध्ये गिनिये व प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी दाखवले.

६/ म्हणूनच ‘तांबे मिसळले की बळकटी आली’ हेही अर्धसत्य. तोच मिश्रधातू भट्टीत हळूहळू निववला, तर कण जाड होतात आणि धातू मऊ राहतो. घटक तेच, प्रमाण तेच; फरक केवळ प्रक्रियेचा.

७/ ‘अपघात’ हा शब्द नेमकी ही प्रक्रिया आणि ती मोजणारे हात पुसून टाकतो. विल्म पुढे धातुशास्त्र सोडून शेतीकडे वळले. त्यांच्या श्रमाला निदान श्रम म्हणावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.