अंगठा ३० टक्के

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक यादी जोडलेली होती. ती एकदा वाचा. अंगठा गेला, ३० टक्के. पंजा गेला, ६० टक्के. हात खांद्यातून गेला, ९० टक्के. खाटकाच्या दुकानात पाटी लावतात तशी. एकलव्याला तर हा भावसुद्धा मिळाला नाही, ते सोडा.

माझा थोरला भाऊ पाथर्डीकडं हडंब्यावर मजुरीला होता. बाजरीच्या कणसांबरोबर मशीननं त्याचा उजवा पंजा आत ओढला. मशीन मालकाचं, शेत मालकाचं, चूक तेवढी भावाची ठरली. धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ सालचा. असल्या मशीनवर मजूर जायबंदी झाला तर भरपाई द्या, असं त्यात लिहिलेलं आहे. आमच्या वस्तीनं त्याचं नाव ऐकलं ते पंजा गेल्यावर. पुढं एका शिबिरात हात मिळाला. रबरी, गोरापान, बोटं न हलणारा. काळ्या दंडाला दुसऱ्याच जातीचा हात. लग्नकार्याला आई तो घालायला लावते, एरवी खुंटीला लटकतो.

मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर लोखंडी कॉइलींना साखळ्या घालतो. माझं पोट दहा बोटांवर. म्हणून मोबाईलवर ती फिल्म बघितली तेव्हा पाळी विसरलो. अमेरिकेतली बाई, पक्षाघातानं १५ वर्षं हातपाय बंद. मेंदूत जिथून हालचालीचा हुकूम सुटतो तिथं नखापेक्षा लहान चकती बसवलेली, तिच्यावर ९६ सुया. बाईनं नुसतं मनात आणलं. सुयांनी मेंदूतली वीज टिपली, संगणकानं तिचा अर्थ लावला, आणि यंत्राच्या हातानं कॉफीची बाटली उचलून तिच्या तोंडाशी नेली. २०१२ साली ही बातमी जगभर झाली. बाई हसली. मी रडलो, खोटं कशाला बोलू.

आमच्या बैठकीत हे सांगितलं तर एकजण उखडला. "हे अमेरिकेचे चाळे. आपली पोरं अजून टँकरमागं पळतात." पळतात, मान्य. पण म्हणून आपल्या वाट्याला कायम रबरच का? भावाला मेंदूत सुया नकोतच. कोपराखाली उरलेले त्याचे स्नायू अजून नसलेली बोटं मिटायला बघतात. कातडीवर टेकवलेल्या पट्ट्या ती बारीकशी वीज पकडतात, मोटर फिरते, पंजा मिटतो. असले हात आता भारतातही बनतात. माझं भांडण वेगळं आहे. त्यांतल्या बहुतेकांना चिखलपाणी सोसत नाही. कप धरतात, पेन धरतात. विळ्याचं काय? ओल्या चाऱ्याच्या पेंढीचं काय? कुणाची हालचाल डोळ्यांपुढं ठेवून हा हात घडवला?

१९६८ मध्ये जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी पाय घडवला तो आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चिखल तुडवतो हे बघून. हाताला अजून असा रामचंद्र भेटायचा आहे.

आणि केरळ बघा. माणसानं मॅनहोलात उतरू नये म्हणून तिथल्या इंजिनियर पोरांनी बँडिकूट नावाचा रोबोट काढला. २०१८ ची गोष्ट. कोणत्या जातीची माणसं उतरत होती ते तुम्हाला सांगायला नको. त्याच पोरांच्या कंपनीनं पुढं लुळ्या पायांना पाऊल टाकायला शिकवणारं यंत्र बनवलं. ते तिरुवनंतपुरमच्या सरकारी इस्पितळातही बसलं. सरकारी, बरं का.

आता नगरच्या मोर्चाच्या पत्रकात मी दोन मागण्या घातल्यात. हडंब्याच्या तोंडाला झाकण, नसेल तर मशीन जप्त. आणि सिव्हिल हॉस्पिटलात विजेचा हात, शेतात चालेल असा, फुकट. दुसरी खोड म्हणतात. मी खोडत नाही.

भावाला विचारलं, हात मिळाला तर आधी काय करशील? म्हणाला, "तंबाखू मळीन. दोन वर्षं झाली, दुसऱ्यानं मळलेली खातोय."