व्हिसाचा अर्ज आणि पेढीची किर्द

मुलाला अमेरिकेला पाठवायचे ठरले की व्यापारी घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘काम कोणाकडून करून घ्यावे’ हा. दुसरा प्रश्न खर्चाचा. व्हिसा कोणत्या वर्गाचा मागायचा, हा खरे तर सर्वांत आधीचा प्रश्न. पण त्याची पाळी शेवटी येते आणि तोवर एजंटाने तो परस्पर सोडवलेला असतो. ज्या घरात दहा हजारांच्या उधारीसाठी गिऱ्हाइकाची तीन पिढ्यांची पत पाहिली जाते, त्याच घरात मुलाच्या नावाने जाणाऱ्या सरकारी अर्जावर न वाचता सही होते, ही विसंगती लहान नव्हे.

अमेरिकेचा कायदा याबाबतीत एका गृहीतावर उभा आहे. पर्यटनाचा किंवा व्यापारभेटीचा व्हिसा मागणारा प्रत्येक जण तेथे कायमचे राहण्यासाठीच येत आहे, असे अधिकाऱ्याने धरून चालायचे. तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. व्हिसा नाकारल्याच्या कागदावर ज्या कलम २१४(ब)चा उल्लेख असतो, ते हेच. त्यात अपमान काही नाही. बँकेत नवख्या कर्जदाराची पत आधी शून्य धरतात आणि कागद पाहत पाहत ती वाढवतात, तसाच हा प्रकार.

बी-१ या व्यापारभेटीच्या व्हिसावर माल पाहता येतो, सौदा ठरवता येतो, करारावर सही करता येते, लास वेगासच्या जवाहिरांच्या प्रदर्शनाला जाता येते. काकांच्या न्यू जर्सीतील दुकानात गल्ल्यावर मात्र बसता येत नाही. पगार न घेता ‘नुसती मदत’ म्हणून बसले तरी कायद्याच्या दृष्टीने ते कामच. आणखी एक गैरसमज घरोघरी आढळतो. पारपत्रावरील व्हिसा दहा वर्षांचा असतो, म्हणून राहण्याची मुभाही तशीच सैल असावी, असे वाटते. दहा वर्षे ही दारापर्यंत येण्याची मुदत आहे. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि आय-९४ या नोंदीत लिहितो. बहुधा सहा महिने. त्या मुदतीनंतर १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून परतणाऱ्याला पुढील तीन वर्षे प्रवेश बंद, एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षे. अर्जात किंवा मुलाखतीत जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती दिल्यास बंदीला मुदतच नाही; ती उठवण्याची सवलत मोजक्यांनाच मिळते.

व्यापारी कुटुंबाला सर्वांत जवळचा वाटावा असा वर्ग एल-१ हा आहे. भारतातील कंपनीने आपला व्यवस्थापक वा विशेष जाणकार अमेरिकेतील आपल्याच शाखेत किंवा भगिनी कंपनीत पाठवायचा. व्यवस्थापकाला एकूण सात वर्षे मिळतात, जाणकाराला पाच. तेथे नवीन कार्यालय उघडायचे असेल तर प्रथम एकच वर्ष दिले जाते आणि वर्षअखेरीस धंदा खरोखर उभा राहिला आहे काय, हे तपासले जाते. अट अशी की, मागील तीन वर्षांपैकी सलग एक वर्ष त्या व्यक्तीने भारतातील कंपनीत त्याच दर्जाचे काम केलेले असावे.

अट सोपी वाटते आणि येथेच पेढीची अडचण होते. मुलगा सोळाव्या वर्षापासून दुकानात उभा आहे, आज तो खरेदी पाहतो, कारागिरांचे हिशेब करतो, वसुलीला जातो. परंतु किर्द उघडली तर त्यात तो कोठेच नाही. पगाराची नोंद नाही, हजेरीपत्रकात नाव नाही, प्राप्तिकर विवरणपत्रात वेतनाचा आकडा नाही. घरचा मुलगा म्हणून त्याचा खर्च ‘घरखर्च’ या खाती पडला. बारा वर्षांचा अनुभव कागदावर शून्य ठरतो. मग एजंट सुचवतो की, मागील तारखांची वेतनपत्रके करून घेऊ. ही सूचना मान्य करणारे कुटुंब प्रामाणिक अनुभवावर स्वतःच्या हाताने खोटेपणाचा शिक्का मारते. यावरील उपाय संथ आहे, पण स्वच्छ आहे. आज नेमणूकपत्र द्यावे, वेतन बँकेतून द्यावे, कर भरावा आणि एक वर्षाने अर्ज करावा.

दुसरी अडचण मालकीची. भारतातील पेढी थोरल्या भावाची, अमेरिकेतील दुकान धाकट्याचे. दोघे एकाच ताटात जेवलेले. व्यवहारात हे एकच घर असले, तरी एल-१च्या दृष्टीने या दोन परक्या संस्था आहेत. रक्ताचे नाते हे मालकीचे नाते मानले जात नाही. दोन्हीकडील भागभांडवल आणि नियंत्रण यांचा दुवा कागदोपत्री असावा लागतो. शिवाय ‘व्यवस्थापक’ या शब्दाचा अर्थ तेथे कसून लावला जातो. जो स्वतःच माल दाखवतो, स्वतःच तोलतो आणि स्वतःच बिल फाडतो, त्याला पाटीवर काहीही लिहिले तरी व्यवस्थापक म्हणत नाहीत. आपल्याकडील बहुतेक लहान पेढ्यांचे मालक या व्याख्येत बसणार नाहीत, हे आधीच ओळखलेले बरे.

व्यापाऱ्यांसाठी म्हणून ई-१ आणि ई-२ असे आणखी दोन वर्ग आहेत. थोड्या भांडवलात धंदा उघडता येतो, असे त्यांचे वर्णन ऐकून पुष्कळांचे कान टवकारतात. परंतु हे वर्ग अमेरिकेशी त्या स्वरूपाचा व्यापारी करार असलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहेत आणि भारताशी तसा करार नाही. मग ग्रेनाडा या छोट्या बेटाचे नागरिकत्व पैसे भरून घ्यावे आणि त्या पारपत्रावर ई-२ मागावा, अशी तोड सुचवली जाते. ती सुचवणारे दोन गोष्टी सांगायचे विसरतात. एक, डिसेंबर २०२२ च्या अमेरिकन कायद्यानुसार, गुंतवणुकीतून असे नागरिकत्व मिळवणाऱ्याचा त्या देशात सलग तीन वर्षे अधिवास असला पाहिजे. दोन, भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. एका व्हिसासाठी देशच बदलून बसल्याचे घरी उशिरा कळावे, याहून महाग सौदा कोणता?

ईबी-५ हा गुंतवणुकीचा मार्ग १९९० पासून आहे व तो थेट कायम वास्तव्याकडे जातो. मार्च २०२२ च्या सुधारणेनंतर किमान रक्कम १०,५०,००० डॉलर. ग्रामीण किंवा अधिक बेरोजगारीच्या भागात ८,००,००० डॉलर. दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण झाल्या पाहिजेत. पैसा आहे म्हणून काम झाले, असे मात्र येथे होत नाही. तो पैसा कोठून आला आणि कोणत्या वाटेने गेला, हे शेवटच्या डॉलरपर्यंत दाखवावे लागते. आजीचे सोने विकले असेल तर ते आजीकडे कसे आले, कोणाला विकले, बिल कोठे, रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली, ही साखळी हवी. नातेवाइकाने बक्षीस दिले असेल तर त्याच्याही उत्पन्नाचा माग द्यावा लागतो. आंगडियामार्फत किंवा हवाल्याने फिरलेली रक्कम या अर्जाच्या उपयोगाची तर नसतेच, उलट भारतात ती नवा खटला उभा करते.

भारतातून पैसा नेण्याची वाटही अरुंद आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच रक्कम पाठवता येते आणि अशा गुंतवणुकीसाठी बँकेने कर्ज देऊ नये, असा नियम आहे. आठ लाख डॉलर एकट्याने पाठवायचे तर चार आर्थिक वर्षे लागतील. कुटुंबाने आपापल्या मर्यादा एकत्र कराव्यात, हे लगेच सुचते. पण भांडवली गुंतवणुकीत सहमालक नसलेल्यांची मर्यादा जोडता येत नाही. तसेच एका निवासी भारतीयाने दुसऱ्या निवासी भारतीयाच्या परदेशी खात्यात परकीय चलनात भेट पाठवणेही चालत नाही. मुलगा अमेरिकेत शिकत असेल तर गोष्ट वेगळी. परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तो अनिवासी ठरतो आणि आई, वडील, आजोबा, आजी यांना प्रत्येकी आपल्या मर्यादेत त्याला भेट पाठवता येते. म्हणूनच हे काम बँकेच्या परकीय चलन विभागाशी आणि सनदी लेखापालाशी बोलून ३१ मार्चच्या बरेच आधी सुरू करावे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत कोणाचेच डोके ठिकाणावर नसते.

या मार्गाबद्दल ‘भांडवल परत मिळण्याची हमी’ असे कोणी सांगू लागले तर तेथेच थांबावे. गुंतवणुकीत खरी जोखीम असणे हीच ईबी-५ची अट आहे; हमी दिली तर अर्जच कोसळतो. व्हर्माँट राज्यातील जे पीक या पर्यटन प्रकल्पात अनेक देशांच्या गुंतवणूकदारांनी पैसे घातले होते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने प्रवर्तकांवर फसवणुकीची कारवाई केली, तेव्हा पैशाबरोबर अनेकांचे वास्तव्यही टांगणीला लागले.

राहिलेले मार्ग थोडक्यात. नोकरीचा एच-१बी वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतील उच्च पदवीधारकांसाठी २०,००० इतकाच. शिवाय अमेरिकेबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर २१ सप्टेंबर २०२५ पासून एक लाख डॉलरचा आकार आला. अमेरिकेचा नागरिक झालेला भाऊ वा बहीण अर्ज करू शकते, पण या वर्गात जगभरासाठी वर्षाला ६५,००० जागा आणि प्रत्येक देशावर टक्केवारीची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग सुमारे दोन दशकांची आहे. अर्ज केला तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी नंबर येईतो एकवीस ओलांडून या अर्जातून गळण्याच्या बेतात येते. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. वीस वर्षांपूर्वी मामांनी घातलेला तो अर्ज अजून नोंदीत असतो. साध्या पर्यटन व्हिसाच्या अर्जातही ‘तुमच्यासाठी कधी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे काय’ असा प्रश्न आहे. एजंट ‘नाही’वर खूण करतो आणि वडिलांच्या नावावर खोटे विधान चढते.

आता सल्ला कोणाचा घ्यावा याविषयी. भारतात नोटरी हा बहुधा वकीलच असतो. अमेरिकेत नोटरी म्हणजे फक्त सही साक्षांकित करणारा माणूस. लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांचे या एका शब्दापायी फार नुकसान झाले, कारण त्यांच्याकडे नोटारियो हा मोठा कायदेपंडित समजला जातो. अमेरिकेत या विषयात कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार मुख्यतः दोघांनाच आहे. एक, तेथील कोणत्याही राज्याच्या बारचा सनदधारक वकील. हा कायदा संघराज्याचा असल्याने टेक्सासचा वकील न्यू जर्सीतील अर्ज चालवू शकतो. दुसरा, न्याय विभागाने मान्यता दिलेल्या धर्मादाय संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी. त्याची फी माफक असते किंवा नसतेच. देशाबाहेर काढण्याचा खटला सुरू झाला तरी सरकार वकील पुरवत नाही. तो स्वखर्चाने करावा लागतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन लष्करी विमान अमृतसरला उतरले, त्यात महाराष्ट्रातीलही काहीजण होते. लाखो रुपये एजंटाला मोजल्याचे परतलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले.

वकिलाची सनद तपासण्यास पैसे पडत नाहीत. राज्याच्या बारच्या नोंदीत नाव शोधले की शिस्तभंगाची कारवाईही सहसा दिसते. वकील अर्जासोबत जी-२८ हा नमुना भरून ‘मी याचा प्रतिनिधी’ असे लिहून देतो. त्याची प्रत मागावी. अर्ज पोहोचल्यावर तीन अक्षरे आणि दहा अंकांचा पावती क्रमांक येतो, तो स्वतःजवळ ठेवावा आणि स्वतः पाहत राहावा. गुंतवणुकीच्या कामात आणखी एक काळजी घ्यावी. प्रकल्पवाल्यांचा वकील हा प्रकल्पाचा असतो, गुंतवणूकदाराचा नव्हे. आपला वकील वेगळा करावा आणि मध्यस्थाला प्रकल्पाकडून किती दलाली मिळते, ते लेखी घ्यावे. २०२२ च्या कायद्याने ती उघड करणे बंधनकारकच केले आहे. दलालीला व्यापारी माणूस नाक मुरडत नाही, फक्त ती कोणाकडून मिळते हे त्याला ठाऊक असावे लागते.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीच्या खिडकीशी वकील किंवा एजंट बरोबर नसतो. अर्ज मुलाने आधी ओळ न् ओळ वाचलेला असला पाहिजे, कारण त्याच्या शेवटी माहिती खरी असल्याचे निवेदन त्याच्या नावाने असते. त्याच अर्जात ‘हा अर्ज भरण्यास कोणी मदत केली काय’ असाही एक प्रश्न आहे. उत्तर ‘होय’ असेल तर त्या व्यक्तीचे नाव आणि पत्ता लिहावा लागतो. ‘आमचे नाव तेवढे घालू नका,’ असे म्हणणाऱ्याच्या कार्यालयातून फी देण्यापूर्वीच उठून यावे आणि येताना मूळ कागदपत्रे मोजून परत घ्यावीत.