बाप्तिस्म्याला पाणी किती?



पाण्यात पूर्ण बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा होतच नाही, असे ठासून सांगणारे पत्र आपल्या दैनिकात वाचले. माझा स्वतःचा बाप्तिस्मा रंगावली नदीच्या पात्रात बुडवूनच झाला. तरीही पत्रलेखकाचे म्हणणे मला पटत नाही.

त्यांची बाजू कच्ची नाही, हे आधीच मान्य करतो. मूळ ग्रीक शब्दात बुडवण्याचा अर्थ आहे. येशू यार्देनेत उतरला, कूशी अधिकारी फिलिप्पाबरोबर पाण्यात उतरला. पौल तर रोमकरांस लिहिताना बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे म्हणतो. पाण्याखाली जाऊन वर येणाऱ्या माणसात हे जितके स्पष्ट दिसते, तितके ओंजळभर पाण्यात दिसत नाही.

पण खूण वेगळी आणि अट वेगळी. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने घरच्यांसह भर रात्री बाप्तिस्मा घेतला. त्या प्रसंगात नदीचे नावही नाही. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीतला 'डिडाखे' हा ग्रंथ वाहत्या पाण्याला पहिली पसंती देतो, ते नसेल तर दुसरे पाणी चालेल म्हणतो आणि पुरेसे पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओतायला सांगतो. वाहत्या पाण्याला पहिली पसंती देणाऱ्यांनीच ही सवलत ठेवली होती.

आणि बुडवायचे तर किती वेळा? आपल्या राज्याच्या हद्दीपलीकडे, गुजरातेत काम केलेल्या ब्रदरन मिशनच्या परंपरेत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तीनदा बुडवतात. त्या मापाने एकदाच बुडालेला मीही अपुराच! पण हेच ब्रदरन, बुडवणारे बॅप्टिस्ट आणि तान्ह्या बाळांच्या डोक्यावर पाणी घालणारे अँग्लिकन १९७० साली नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त एकत्र आले. पाण्याच्या मापावरून त्यांनी एकमेकांना बाहेर ठेवले नाही.

माझी आत्या मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. पाळकांनी पितळी तांब्यातून तिच्या डोक्यावर तीनदा पाणी घातले. कपाळावरून ओघळणारे पाणी सून पुसू लागली, तर आत्या म्हणाली, ''राहू दे गं.'' पंधरा दिवसांत ती गेली. दफनाच्या वेळी मंडळीतले एक वडील हळूच बोलले, ''हिला नुसतं शिंपडलेलं.'' आतेभाऊ अजून ते विसरलेला नाही.

नव्याने बाप्तिस्मा घेणाऱ्याला खुशाल नदीत किंवा चर्चमागच्या हौदात न्यावे. पण दुसऱ्या मंडळीतून आलेल्या सुनेचे लग्न, प्रभुभोजन किंवा कुणाची मूठमाती 'आधी पुन्हा बुडव' म्हणून अडवू नये, एवढीच सर्व मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडिलांना विनंती.

– एक वाचक, नवापूर, जि. नंदुरबार