नऊ वाजता दिवे मालवणारे घर

मो फराह म्हटले की बहुतेकांना लंडन ऑलिम्पिक आठवते. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याने दहा हजार आणि पाच हजार मीटरच्या दोन्ही शर्यती जिंकल्या आणि धावपट्टीवरच सजदा केला. आम्हाला मात्र त्याच्या आयुष्यातले २००५ हे साल जास्त महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी त्याने राहण्याचे घर बदलले.

लंडनमधल्या टेडिंग्टन भागात काही केनियन धावपटू एकत्र राहत होते. बावीस वर्षांचा मो त्यांच्यात राहायला गेला. पायात वेग होता, पण जगणे त्या वयाच्या कुठल्याही मुलासारखेच होते. मित्र, व्हिडिओ गेम, उशिरापर्यंत जागरण. या घरात रात्री नऊच्या सुमारास सगळे अंथरुणावर. सकाळी धावणे, मग जेवण, विश्रांती, पुन्हा धावणे. कोणी त्याला उपदेश केला नाही. आजूबाजूला सगळे झोपलेले असताना एकट्याने जागायचे तरी किती?

आपल्या घरांत मुलांना आपण जिद्द ठेव, मेहनत कर असे सांगत राहतो. लांब पल्ल्याच्या धावपटूचे आयुष्य पाहिले तर जिद्दीपेक्षा दिनक्रमच जास्त दिसतो. आठवड्याला शंभर मैलांहून जास्त धावणे उत्साहाच्या भरात होत नाही. उत्साह पंधरा दिवसांत ओसरतो. थोडे असले तरी नित्य केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही हदीस आपल्याला लहानपणापासून माहीत असते. मुलांच्या अभ्यासाचे वेळापत्रक करताना ती कशी कोण जाणे विसरली जाते.

आणि फळ लगेच मिळते असेही नाही. घर बदलल्यावर तीन वर्षांनी, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मो अंतिम फेरीपर्यंतही पोहोचला नाही. २०११ च्या जागतिक स्पर्धेत दहा हजार मीटरचे सुवर्ण अगदी शेवटच्या क्षणी हातातून गेले. पाच हजारचे मिळाले. २००५ ते २०१२ म्हणजे सात वर्षे. आपल्याकडे मुलगा एका परीक्षेत मागे पडला तरी नातेवाइकांच्या सल्ल्यांनी घर भरून जाते!

त्याच्या बालपणाची हकीकत २०२२ मध्ये त्यानेच जगाला सांगितली. खरे नाव हुसेन अब्दी काहिन. साधारण नऊ वर्षांचा असताना दुसऱ्याच मुलाच्या नावावर त्याला ब्रिटनमध्ये आणले गेले आणि एका घरात कामाला जुंपले. दुःखानेच माणूस घडतो, असे अशा वेळी सहज बोलले जाते. आम्हाला ते पटत नाही. त्याला बाहेर काढले ते अ‍ॅलन वॉटकिन्सन या क्रीडाशिक्षकाच्या लक्षाने. मुलगा बोलता झाला तो त्यांच्यापाशी.

म्हणजे पुन्हा प्रश्न सोबतीचाच. रमजानमध्ये आपण हे दरवर्षी पाहतो. सहरीला अख्खे घर उठते, जेवणाच्या नि झोपेच्या वेळा बदलतात, आणि एरवी दहा वाजता भूक भूक करणारे पोर पहिला रोजा हसत पुरा करते. ती ताकद एकट्या पोराची नसते. ईद झाली की तेच घर रात्री एकपर्यंत टीव्ही लावून बसते आणि फजरला उठत नाही म्हणून मुलावर ओरडते. मुलाला पहाटे मैदानावर पाठवायचे असेल, तर अब्बूंचा मोबाइल किती वाजता बंद होतो हेही पाहावे लागेल.

२०१६ साली रिओमध्ये, दहा हजार मीटरच्या पंचवीस फेऱ्यांपैकी दहाव्या फेरीत सरावातल्याच सोबत्याचा धक्का लागून मो खाली पडला. उठला, पण लगेच पुढे मुसंडी मारली नाही. आधी घोळक्यात आपली जागा घेतली, श्वास लागी लावला आणि हळूहळू वर सरकला. शेवटची फेरी आली तेव्हा त्याच्यापाशी वेग शिल्लक होता. २७ मिनिटे ५.१७ सेकंदांत तो पहिला आला.