मृत्युपत्राचंही वय होतं

पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी अर्जांची चळत पुढ्यात येते आणि ‘नॉमिनी’च्या रकान्यात बाविशीचं पोरगं आईचं नाव लिहून मोकळं होतं. मग लग्न, मुलं, फ्लॅटचे हप्ते. बँकेला यातलं कुणी कळवत नाही, त्यामुळे वीस वर्षांनीही खात्यावर आईच. नाव लावलंय, म्हणजे सोय झाली, असं बहुतेकांना वाटतं. पण नॉमिनी पैसे हाती घेतो, मालक होत नाही. बँकेतल्या ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० मध्ये सांगितलं, शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये. हा दुसरा निकाल ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या दाव्यात आला. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं, तरीही गुंतवणुकींवरच्या नॉमिनींचा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनी वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासदच.

म्हणून माझं म्हणणं असं, की मृत्युपत्र तिशीत लिहावं आणि संसाराच्या प्रत्येक वळणावर पुन्हा काढून वाचावं. ते नसेल तर हिंदूंसाठी १९५६चा वारसा कायदा वाटणी करतो, आणि त्याला तुमचं घर ठाऊक नसतं. पुरुष गेला तर बायको, मुलं आणि आई यांना सारखे हिस्से. वडिलांना काही नाही. मुलं अज्ञान असतील, तर त्यांच्या हिश्शासाठी कोर्टाची परवानगी आणल्याशिवाय त्या बाईला फ्लॅट विकता येत नाही. बायकांची गोष्ट याहून बिकट आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली, तर तिच्या स्वकमाईवर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा, तिच्या आईवडिलांचा नंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणातली बाई लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झाली होती. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी केली. तिचा भविष्य निर्वाह निधी आणि बँकेतली शिल्लक अखेर गेली नणंदेच्या मुलांकडे. कायदा भावनेवर चालत नाही, असं न्यायालय म्हणालं, आणि कायद्याच्या भाषेत ते बरोबरच होतं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेल्या मृत्युपत्राने हे टळलं असतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही.

अपशकुनाची भीती विम्याचा हप्ता भरताना आड येत नाही, तेव्हा ती बाजूला ठेवू. ‘आमच्यात एकोपा आहे’ हे म्हणणं जास्त प्रामाणिक. पण हक्कसोडपत्रावर सही मागायची वेळ येते तेव्हा भावंडांच्या शेजारी सुना-जावईही बसलेले असतात, आणि एकोपा आधीच्या पिढीने गृहीत धरलेला असतो. सर्वांत वजनदार आक्षेप वकिलांकडून येतो : वारंवार बदललेल्या मृत्युपत्राबद्दल संशय घेतला जातो. खरं आहे, विशेषतः शेवटच्या आजारपणात अचानक एकालाच सगळं दिलं असेल तर. म्हणूनच बदल धडधाकट असताना करावेत आणि आधीचं मृत्युपत्र रद्द केल्याचं नव्यात स्पष्ट लिहावं. सगळ्यांचंच मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही. पारशी किंवा ख्रिस्ती माणसाने लग्न केलं की त्याचं आधीचं मृत्युपत्र सर्वसाधारणपणे रद्द होतं. हिंदूचं मात्र लग्नानंतरही तसंच उभं राहतं, म्हणजे अविवाहितपणी भावाला दिलेलं घर भावाचंच. (गोव्यात मुलंबाळं असतील, तर निम्म्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्याला देताच येत नाही. तिथला हिशेब वेगळा.)

साक्षीदारांकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात. मृत्युपत्राला कोर्टात आव्हान मिळालं, तर हयात असलेल्या एका तरी साक्षीदाराने येऊन ‘सही माझ्यासमोर झाली’ असं सांगावं लागतं. सकाळी फिरायला जाणाऱ्या सत्तरीच्या दोन मित्रांच्या सह्या घेणं सोयीचं असतं खरं, पण साक्षीदार आपल्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान असलेला बरा.